पत्ता आधी, उत्तर मागाहून

आमच्या सरांच्या ट्यूशनला हजेरी नावानं होत नसे. सकाळी सहाच्या सुमाराला सर कानटोपी सारखी करत व्हरांड्यात येत, वेताच्या खुर्चीत बसत आणि विचारत, "शुक्र आला?" कोपऱ्यातून झोपाळू आवाज येई, "येस सर." "शनी?" "प्रेझेंट सर." "गुरू कुठंय? अजून इडली खातो का?" गुरू खरोखरच फाटकाबाहेर सायकलला कुलूप लावत उभा असे आणि त्याच्या हातात खरोखरच कागदात बांधलेली इडली असे. सगळ्यांत शेवटी सर माझ्याकडे वळून मराठीत म्हणत, "आणि आमचा चंद्र? उगवला का, अक्का?"

मी तेव्हा सोळा वर्षांची होते. साठीच्या पुढच्या माणसानं सोळा वर्षांच्या मुलीला अक्का म्हणायचं, ही गोष्ट माझ्या पुणेरी डोक्यात शिरायला फार दिवस लागले. त्या काळात बेंगळूरमधली कुठलीच गोष्ट माझ्या डोक्यात शिरत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मी शिरू देत नव्हते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बाबांची बदली झाली आणि आम्ही पुण्याहून इंदिरानगरला राहायला आलो. इंदिरानगर तेव्हा इतकं शांत होतं, की दुपारी रस्त्यावर फुलवाली ओरडली तर चार गल्ल्यांत ऐकू जाई. मला ती शांतता खायला उठे. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मी एकदम इंग्रजी कॉलेजात पीयूसीच्या, म्हणजे अकरावीच्या, वर्गात जाऊन पडले. वर्गात मॅडम काय बोलतात ते कळत नसे, आणि कळलं तरी मी ते पुण्यात असतं तर किती चांगलं कळलं असतं याचाच विचार करत बसे. सहामाहीला फिजिक्समध्ये जे मार्क पडले ते बघून बाबा आधी चष्मा पुसून आले. मग शांतपणे म्हणाले, "वार्षिकला फिजिक्स सुटलं नाही, तर सायन्स बंद. पुण्याला काकाकडे जायचं आणि कॉमर्स घ्यायचं."

पुण्याला जायला मी एका पायावर तयार होते. पण नापास होऊन? काकू आल्यागेल्याला चहाबरोबर माझी हकीकत वाढणार, "झेपलं नाही हो तिला तिकडे," असं म्हणणार, आणि मी आतल्या खोलीत बसून ते ऐकणार. त्यापेक्षा फिजिक्स परवडलं. म्हणून कुणीतरी हलसूरच्या या सरांचं नाव सांगितल्यावर मी दुसऱ्याच दिवशी त्यांच्या फाटकापाशी उभी राहिले.

"कुठं राहतेस?" सरांनी विचारलं.

"पुण्याला," मी म्हणाले.

"रोज पुण्याहून येणार? सकाळी सहाला?"

"तसं नाही. राहते इंदिरानगरला. पण आम्ही पुण्याचे."

"आम्ही पण तिकडचेच की," सर खूश होऊन म्हणाले. "स्वल्प आधी आलो."

"किती आधी?"

सरांनी आत तोंड करून विचारलं, "अगं, आपल्याला येऊन किती वर्षं झाली गं? तीनशे होतील का?"

"मला काय ठाऊक," आतून आवाज आला. "मी तुमच्या मागून आले." तो आवाज सरांच्या बायकोचा. त्यांना सगळी मुलं अम्मा म्हणत.

सरांनी मग मला नीट न्याहाळलं. "राहतेस एकीकडे, सांगतेस एकीकडे. तुला लांबचाच गोळा पाहिजे. चंद्र घे. कालच रिकामा झाला." आदल्या दिवशी एका मुलाच्या वडिलांची म्हैसूरला बदली झाली होती, असं मला नंतर कळलं. अशा रीतीनं मी चंद्रावर राहायला गेले.

सरांची पद्धत अशी. ते कॉलेजातून निवृत्त झालेले फिजिक्सचे प्राध्यापक. गृहपाठाची गणितं सगळ्यांना एकच, पण प्रत्येकानं ती आपापल्या ग्रहावर सोडवायची. सेकंदाला वीस मीटरच्या वेगानं, पंचेचाळीस अंशांत फेकलेलं लिंबू किती लांब जाऊन पडेल? पृथ्वीवर ते चाळीस मीटरवर पडतं. गुरूवर गुरुत्वाकर्षण अडीचपट, त्यामुळे आमच्या इडलीवाल्याचं लिंबू सोळा मीटरवरच धापकन पडे. माझं चंद्रावरचं तरंगत तरंगत अडीचशे मीटर जाई. उत्तरं सगळ्यांची वेगळी, त्यामुळे एकमेकांच्या वहीत डोकावण्यात काही अर्थच उरत नसे.

आणि एक नियम होता, त्याला माफी नव्हती. उत्तराची पहिली ओळ म्हणजे पत्ता. "मी चंद्रावर आहे. इथं g इतका." मग पुढचं गणित. ही ओळ विसरली तर उत्तर अगदी बरोबर असलं तरी सर त्यावर फुली मारत. "टपालात पत्र टाकतोस आणि वर पत्ता लिहीत नाहीस, तर पोस्टमन काय करेल, अण्णा? पत्ता आधी, उत्तर मागाहून." हे ते इंग्रजीत म्हणत, कन्नडमध्ये म्हणत आणि मग माझ्याकडे बघून मराठीतही म्हणत, म्हणजे मला ते दिवसातून तीनदा ऐकावं लागे.

पृथ्वी मात्र कुणालाच मिळत नसे. मी एकदा वैतागून विचारलं, "सर, परीक्षा पृथ्वीवर आहे. मग आम्ही पृथ्वीवरचीच गणितं का नाही करायची?"

"पृथ्वीवर नऊ पूर्णांक आठ हाताला आपोआप येतं," सर म्हणाले. "हात लिहितो आणि डोकं झोपतं. परक्या ठिकाणी माणूस स्वल्प जागा राहतो. तू जागी राहतेस की नाही, इथं आल्यापासून?"

मी रात्ररात्र जागी असे, हे त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे.

सरांचं मराठी हे एक वेगळंच प्रकरण होतं. ते आणि अम्मा घरात मराठीच बोलत, पण त्यात अधूनमधून 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, असे कन्नड शब्द डाळीतल्या मोहरीसारखे येत. फिजिक्स मात्र त्यांनी जन्मात कधी मराठीत बोललं नव्हतं. एके दिवशी माझ्या तोंडून सवयीनं 'गुरुत्वीय त्वरण' असा शब्द गेला. सर खुर्चीत सरळ बसले.

"काय म्हणालीस? परत म्हण."

"गुरुत्वीय त्वरण. अॅक्सिलरेशन ड्यू टू ग्रॅव्हिटी. आम्हाला शाळेत असंच होतं."

"त्वरण," सर हळूच म्हणाले. मग आत ओरडले, "अगं, ऐकलंस का? आपल्यात याला शब्द आहे!" अम्मा पदराला हात पुसत बाहेर आल्या, त्यांनी तो शब्द ऐकला आणि "चांगला आहे" म्हणून परत आत गेल्या. सर मला म्हणाले, "आमच्या मराठीत फक्त स्वयंपाक आणि भांडण आहे, अक्का. येताना आमच्या लोकांनी तेवढंच बरोबर आणलं. बाकीचं तुमच्याकडे राहिलं."

त्यानंतर ते माझ्याकडून रोज एक शब्द घेत. वेगाला वेग, पण व्हेलॉसिटी आणि स्पीड यांना मराठीत काय फरक? प्रोजेक्टाइलला काय म्हणता? मी 'प्रक्षेप्य' म्हटल्यावर त्यांनी तो शब्द दोनतीनदा तोंडात घोळवला आणि "हा जड आहे, गुरूवरचा आहे" म्हणून परत केला. पण त्वरण त्यांनी ठेवून घेतलं. शुक्र आणि शनी ही कन्नड पोरं होती, तीही पुढं खुशाल 'त्वरणा' म्हणू लागली. त्या परक्या गावात माझ्याकडचं काहीतरी कुणाला हवं होतं, याचा मला किती आनंद झाला होता ते आज सांगतानाही जाणवतं.

प्रात्यक्षिकासाठी सरांना लिंबंच लागत. अंगणात लिंबोणीचं झाड होतं आणि त्याच्यावर मालकी अम्मांची. सर गच्चीवर उभे राहून लिंबू फेकत आणि आम्ही खाली अंगणात ते कुठं पडतं याच्या खुणा करत असू. "बघा, पृथ्वीवर इथं पडलं. शुक्रा, तुझं कुठं पडेल? स्वल्प पुढे जाऊन उभा राहा. शनी, तू स्वल्प अलीकडे. चंद्रा, तू फाटकाच्या बाहेर जा. आणखी बाहेर. त्या सायकलच्या दुकानापर्यंत जा." मी खरोखर रस्ता ओलांडून सायकलच्या दुकानासमोर जाऊन उभी राहत असे. दुकानदाराला आधी मी वेडी वाटे, नंतर तो माझ्यासाठी स्टूल काढून ठेवू लागला.

लिंबू फुटलं तर ते अम्मांच्या लोणच्यात जाई आणि न फुटलेलं शनिवारच्या चित्रान्नात. चित्रान्न म्हणजे लिंबू पिळलेला पिवळा फोडणीचा भात. शनिवारी क्लास संपला की तो आम्हाला केळीच्या पानाच्या तुकड्यावर मिळे. "आज सगळी न फुटलेली आली," अम्मा वाढताना म्हणत, "तुमच्या सरांचा नेम बिघडला, पण भात चांगला झाला." सर त्यांच्याकडे रागानं बघत आणि दुसऱ्यांदा भात मागून घेत.

सरांना कुठंही जाऊ द्या, त्यांच्या डोळ्यांपुढं काहीतरी उडत असे आणि पडत असे. त्यांच्या पुतणीच्या लग्नाला आम्हा सगळ्यांना आमंत्रण होतं. मंगलाष्टकं चालू असताना सर माझ्या शेजारी उभे होते. पहिल्या कडव्याला त्यांनी अक्षता टाकल्या नाहीत. ते लोकांच्या टाकण्याकडे बघत होते. दुसऱ्या कडव्याला ते मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांना म्हणाले, "अण्णा, इतकं सरळ नका टाकू. स्वल्प वर. पंचेचाळीस अंश. मग बघा, थेट नवऱ्या मुलाच्या डोक्यावर पडतात." ते गृहस्थ नवऱ्या मुलाचे काका निघाले. तिसऱ्या कडव्याला सर मला कुजबुजत म्हणाले, "तुझ्या चंद्रावर लग्न लागलं, तर या अक्षता नवरानवरीवरून पलीकडे जाऊन पंगतीत पडतील. तिकडे अंतरपाट धरणाऱ्यांची सोय बघायला पाहिजे." मला हसू आवरेना. चौथ्या कडव्याला अम्मांनी येऊन सरांचं कोपर धरलं आणि त्यांना खांबामागं नेऊन उभं केलं.

शिक्षा करायची झाली तर सर मुलाला सूर्यावर पाठवत. उशीर केला, खोटं बोललं, दुसऱ्याची टिंगल केली, की त्या दिवसापुरता सूर्य. सूर्यावरचं गुरुत्वाकर्षण इतकं भयंकर, की वीसच्या वेगानं फेकलेलं लिंबू दीड मीटरवर फेकणाऱ्याच्या पायापाशीच पडतं. तेवढ्यासाठी सगळी आकडेमोड मुकाट्यानं करायची. "काही निघतं का त्यातून?" असं कुणी विचारलं तर सर म्हणत, "टिंगल करून पण काही निघत नाही. तेच सांगतोय."

एकदा इडलीवाला गुरू माझ्या इंग्रजीवरून हसला. त्याला सूर्यावर पाठवलं, त्यानं माफीही मागितली, पण मी त्याच्याशी बोलणं बंद केलं ते कितीतरी दिवस. शेवटी सरांनी मला थांबवून घेतलं. "अक्का, वर फेकलेलं लिंबू इथं तीन सेकंदांत खाली येतं. चंद्रावर तेच सतराअठरा सेकंद वर राहतं. तुझा राग बघ, तिकडचा आहे. खाली यायचं नावच घेत नाही." मी म्हणाले, "तुम्हीच तर चंद्र दिलात." सर डोकं खाजवत म्हणाले, "हां, ते पण आहे." दुसऱ्या दिवशी मी गुरूकडून अर्धी इडली घेतली आणि प्रकरण मिटलं.

बुध आणि मंगळ यांची तर कमालच. ही दोन मुलं एकाच गल्लीतली, त्यांच्या घरांचं कंपाउंडच्या भिंतीवरून भांडण होतं आणि ती एकमेकांकडे बघतही नसत. महिन्याभरानं बुधाच्या लक्षात आलं, की आपली उत्तरं आणि मंगळाची उत्तरं सारखीच येतात. बुधावर आणि मंगळावर गुरुत्वाकर्षण जवळजवळ सारखंच असतं, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. मग आधी चोरून, मग उघड, दोघं गणितं वाटून घेऊ लागले. अर्धी याची, अर्धी त्याची. सरांना फसवायच्या आनंदात ती पोरं भिंतीचं भांडण विसरून गेली. एका शनिवारी ती एकाच पानावर चित्रान्न खाताना दिसली, तेव्हा सर अम्मांना म्हणाले, "बघ. बरोबर दोन महिने लागले." अम्मा म्हणाल्या, "मी तीन म्हणाले होते."

असं करता करता माझं फिजिक्स सुधारलं. कसं ते मला सांगता येणार नाही. मी रोज चंद्रावर जात होते, तिथं कुणी माझ्या इंग्रजीला हसत नव्हतं, कुणी पुण्याहून आलात का म्हणून विचारत नव्हतं, आणि एक पूर्णांक सहा हा तिथल्या g चा आकडा माझ्या ओळखीचा झाला होता. मार्च उजाडला तेव्हा बाबांचा काका-कॉमर्सचा धाक तसाच होता, पण मला आपण सुटू असं पहिल्यांदाच वाटू लागलं.

परीक्षेच्या आधीच्या रविवारी सरांकडे एक समारंभ असे. त्याला ते उतरणं म्हणत. सगळ्यांनी आपापले ग्रह परत करायचे. व्हरांड्याच्या कट्ट्यावर एकेकानं उभं राहायचं, सर विचारत, "पत्ता?" त्यानं आपला खरा पत्ता सांगायचा, घर, रस्ता, गाव, पृथ्वीचा g, आणि अंगणात उडी मारायची. झाला तो पृथ्वीवासी. मग अम्मांची कॉफी. त्या दिवसापासून परीक्षेपर्यंत सगळे पृथ्वीवरची गणितं करत.

नेमक्या त्या रविवारी माझ्या मावसबहिणीचं लग्न पुण्यात होतं. मी सरांना सांगायला गेले, तर ते जरा काळजीत पडले. "मग तुला आज उतरवू का?" पण तेव्हा बाहेर बाबा रिक्षा थांबवून उभे होते, गाडीची वेळ झाली होती. "आल्यावर उतरते सर," म्हणून मी पळाले. पुण्याहून परत आले ती परीक्षेच्या आदल्या दिवशी, आणि लग्नाच्या दगदगीनं येऊन झोपले.

पेपर सोपा होता. खरंच सोपा होता. एक दगड वीसच्या वेगानं पंचेचाळीस अंशांत फेकला, किती लांब जाईल? दुसरा विहिरीत सोडला, पाण्यापर्यंत पोचायला किती वेळ? मला हसूच आलं. पहिली ओळ लिहिली, भराभर आकडे मांडले, अडीचशे मीटर. अगदी स्वच्छ उत्तर. अडीचशे हा आकडा मी इतके महिने पाहिला होता, त्यामुळे तो ओळखीचा वाटला आणि मी निर्धास्त झाले.

कॉलेजच्या पायऱ्यांवर गुरू भेटला. आम्ही एकाच कॉलेजात होतो. "दगडाचं किती आलं?" त्यानं विचारलं. "फॉर्टी ना?"

"टू फिफ्टी," मी म्हणाले.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याचे डोळे मोठे झाले. "अय्यो," तो म्हणाला, "तू लँड नाही झालीस!"

मी तिथंच पायरीवर बसले. दोन्ही गणितं मोठ्या मार्कांची होती. बाकीच्या पेपरचा हिशेब माझ्या डोक्यात आपोआप झाला आणि त्याचं उत्तर काका, काकू आणि कॉमर्स असं आलं. सगळ्या जगात असा मूर्खपणा करू शकणारी दहाएक मुलं असतील आणि ती सगळी हलसूरच्या एकाच व्हरांड्यात बसत होती. त्यातली नऊ वेळेवर उतरली होती.

मी रडत सरांकडे गेले. सर्व ऐकून घेतल्यावर सरांनी एकच विचारलं, "पत्ता लिहिलास?"

"हो. दोन्हीकडे. सवयीनं."

सरांचा चेहरा असा काही फुलला, की मला त्यांचा संताप आला. "मग चुकलं काय?" ते म्हणाले. "प्रश्नात लिहिलं होतं का, कुठं फेकला म्हणून?"

"अहो, पोरगी रडतेय आणि तुम्ही हसता काय?" अम्मा म्हणाल्या. त्यांनी मला कॉफी दिली आणि सरांना दिली नाही. सर मग गंभीर झाले. कानटोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "हात झोपू नये म्हणून मी तुला चंद्रावर पाठवलं. तुझा हात तिथं जाऊन झोपला. ते माझं चुकलं. त्या दिवशी रिक्षा थांबवून तुला उतरवायला पाहिजे होतं." थोड्या वेळानं म्हणाले, "मी तुझ्या मॅडमला भेटायला जाणार नाही. ते बरं नाही. पण पत्ता लिहिलेलं पत्र आहे ते. पोचेल."

मला त्या पत्राचा काडीइतका भरवसा नव्हता. घरी मी काही बोलले नाही. आई म्हणे, "जेवत का नाहीस?" आणि मी कपाटातले कपडे उगाच घड्या घालून एका बाजूला ठेवत होते, म्हणजे पुण्याला जाताना सोपं जाईल.

पंधरवड्यानं फिजिक्सच्या मॅडमनी मला स्टाफरूममध्ये बोलावलं. या मॅडमना सगळं कॉलेज टरकून असे. अंबाड्यावर मोगऱ्याचा गजरा आणि हातात लाल पेन, आणि त्यांतलं पेनच आधी दिसे. माझी उत्तरपत्रिका त्यांच्यासमोर उघडी होती.

"धिस इज अ जोक?" त्यांनी विचारलं. "आय अॅम ऑन द मून?"

पण गेल्या काही महिन्यांत मला एक गोष्ट समजली होती आणि ती मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितली, की मॅडम, जोक नाही, दगड कुठं फेकला ते प्रश्नात दिलेलं नाही, म्हणून मी आधी पत्ता लिहिला.

मॅडमनी प्रश्नपत्रिका पुढे ओढली. प्रश्न वाचला. पुन्हा वाचला. शेजारच्या टेबलावरचे केमिस्ट्रीचे सर वर्तमानपत्र खाली करून बघू लागले. मग मॅडमनी माझं गणित ओळीओळीनं तपासलं, अगदी शेवटच्या शून्यापर्यंत, आणि पेन उचललं.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "दगडाचे मार्क देते. एक कापते. उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर कॉलेजचं नाव आहे आणि खाली बेंगळूर छापलेलं आहे. तो पत्ता तुझ्या पत्त्याच्या आधी येतो." मग पान उलटलं. "पण ही विहीर. विहिरीत पाणी आहे. चंद्रावर विहीर कुणी खणली?"

विहिरीचे सगळे मार्क बुडाले. पण दगड वर आला, आणि दगडाच्या जोरावर मी फिजिक्समध्ये जेमतेम, अगदी काठावर, पास झाले. मॅडम हसल्या नाहीत. मी दारापर्यंत गेल्यावर मात्र त्यांनी मागून विचारलं, "हलसूर?" मी मान हलवली. "सांग त्यांना," त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षीपासून प्रश्नात पत्ता घालणार आहे."

कॉलेजातून मी धावत सुटले ती थेट हलसूरला. दुपारची वेळ होती, सर व्हरांड्यात पेपर तोंडावर घेऊन आडवे झाले होते. मी सगळं एका दमात सांगितलं. दगडाचं ऐकून ते उठून बसले. एक मार्क कापल्याचं ऐकून म्हणाले, "बरोबर कापला." विहिरीचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "पाणी! मला पण सुचलं नसतं. बाई हुशार आहेत." मग आत वळून ओरडले, "अगं, चंद्र पास झाला!" अम्मा बाहेर आल्या, माझ्या गालावरून हात फिरवून त्यांनी बोटं मोडली आणि म्हणाल्या, "आता तरी तिला खाली उतरवा."

सर उठले. त्यांनी कानटोपी घातली. भर एप्रिलच्या दुपारी. समारंभ तो समारंभ.

"चढ," ते म्हणाले.

मी कट्ट्यावर चढले. समोर अंगण, लिंबोणी, फाटक, आणि रस्त्यापलीकडे सायकलवाला आपल्या स्टुलावर बसून हे काय चाललंय ते बघत होता.

"पत्ता?"

मी घराचा नंबर सांगितला, रस्त्याचा क्रॉस सांगितला, मेन सांगितला. "इंदिरानगर," मी म्हणाले. आणि पुढचा शब्द आपोआप आला, अडखळावं लागलं नाही. "बेंगळूर."

सरांनी कानटोपी सारखी केली. मग म्हणाले, "सरी. त्वरण?"

"नऊ पूर्णांक आठ."

"उडी मार."

कट्टा काही फार उंच नव्हता. पण मी जरा जास्तच जोरात उडी मारली असावी. फरशीवर दोन्ही तळपाय असे सणकून आपटले, की डोळ्यांत पाणी आलं आणि मी तिथंच खाली बसले.

सर कट्ट्यावरून वाकून बघत होते. "लागलं, अक्का?"

"हो," मी पाय चोळत म्हणाले, "चांगलंच लागलं."

"मग पोचलीस," सर म्हणाले.